पाईनच्या फळीवर महोगनी: सुरुवातीच्या अमेरिकेतलं रोजच्या घरातलं रंगकाम

व्हर्जिनियात पोटोमॅक नदीच्या काठी जॉर्ज वॉशिंग्टन यांचं माऊंट व्हर्नन हे घर आहे. लांबून बघणाऱ्याला ते दगडी वाटतं. जवळ गेलं की कळतं, दगड नाहीच, पाईनच्या फळ्या आहेत. घडीव चिरे एकावर एक रचल्यासारखे दिसावेत म्हणून फळ्यांच्या कडा तिरक्या तासल्या, वर रंगाचा जाड हात दिला आणि रंग ओला असतानाच त्यावर वाळू मारली. आतली काही दारं महोगनी या महागड्या लालसर लाकडाची दिसतात, पण लाकूड तिथेही साधंच. महोगनीच्या रेषा रंगाऱ्याने ब्रशने काढलेल्या. देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या घरात हे उघडपणे होतं आणि ते लपवावं असं कुणाला वाटत नव्हतं.

आज आपण अशा गोष्टीला पटकन ‘नकली’ म्हणून मोकळे होतो. पण 18व्या शतकाच्या मध्यापासून साधारण 1850पर्यंत अमेरिकेतल्या सामान्य घरांत जे रंगकाम झालं, त्याकडे त्या नजरेने पाहिलं तर त्यातलं काहीच हाती लागत नाही. आणि ‘भोळ्याभाबड्या खेडुतांची हौस’ म्हणून पाहिलं, तरी लागत नाही. संग्रहालयांत आज लोककला म्हणून मांडलेल्या यातल्या बऱ्याच वस्तू मुळात धंद्याच्या वस्तू आहेत. दर ठरलेले, हत्यारं ठरलेली, किती वेळात काय उरकायचं तेही ठरलेलं. त्यांचं जे रूप आज आपल्याला भुरळ घालतं, ते मोठ्या प्रमाणात या हिशोबातूनच घडलं असं माझं ठाम मत आहे.

आधी एक साधा प्रश्न. एवढं सगळं रंगवायचंच कशाला?

उत्तर लाकडात आहे. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, पांढरा पाईन मुबलक होता. हलका, स्वस्त, रंध्याखाली लोण्यासारखा निघणारा. पण मऊ, फिका, डाग लगेच धरणारा. शिवाय एकाच वस्तूत अनेक लाकडं वापरायची पद्धत होती. विंडसर खुर्चीचंच बघा. बसायची फळी बऱ्याचदा पाईनची, कारण ती बसणाऱ्याच्या अंगाप्रमाणे कोरायला सोपी. पाय मेपलचे, कारण ते लेथवर छान उतरतात. पाठीच्या काड्या हिकरीच्या, कारण हिकरी वाकते पण मोडत नाही. तीन लाकडांचे तीन रंग. वरून हिरव्या रंगाचा हात दिला की खुर्ची एकसंध दिसायची. म्हणजे रंग ही हौस नंतरची. आधी तो लाकडाचं संरक्षण आणि सुताराच्या जोडकामावरचं पांघरूण होता.

आणि रंग मिळवणं सोपं नव्हतं. डब्यात तयार रंग मिळायला लागला तो 1860च्या दशकानंतर. त्याआधी रंगारी कोरडी पूड विकत घ्यायचा आणि दगडी पाट्यावर वरवंट्याने जवसाच्या तेलात घोटायचा. लाल-तपकिरी आणि पिवळ्यासाठी लोहयुक्त माती, काळ्यासाठी काजळी, पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा, हिरव्यासाठी तांब्याचं जंगाल. गर्द निळ्यासाठी 18व्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला प्रशियन ब्लू. माती स्वस्त, म्हणून कोठारं आणि साधं फर्निचर लाल. जंगाल आणि निळा महाग, म्हणून ते दिवाणखान्यात, पाहुण्यांच्या नजरेसमोर. 1820च्या आसपास क्रोम पिवळा बाजारात आला आणि घरांचे रंग एकदम झळझळीत झाले. त्या काळातला प्रत्येक जुना रंग दुधाचा होता, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. दूध आणि चुना कालवून रंग करत असत हे खरं, पण जुन्या फर्निचरवरचे थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले की बहुतेक वेळा जवसाचं तेलच सापडतं.

आता त्या महोगनीकडे येऊ. लाकडावर दुसऱ्या लाकडाच्या रेषा काढायचं हे काम कसं चालायचं? आधी फळीवर फिका हात, पिवळसर किंवा लालसर. तो पक्का वाळू द्यायचा. मग व्हिनेगरमध्ये कालवलेला गडद तपकिरी रंग त्यावर पातळसर फासायचा. तो वाळायला फार तर काही मिनिटं लागतात आणि तेवढ्याच वेळात सगळी करामत. चामड्याच्या दातेरी तुकड्याने ओढलं की उभ्या रेषा येतात. पुट्टीची गुंडाळी लोळवली की शंखशिंपल्यांसारखी वेटोळी उमटतात. दाणे काढलेलं मक्याचं कणीस, पक्ष्याचं पीस, बोटाचं टोक, जे हाताशी असेल ते चालतं. बिघडलं तर ओल्या फडक्याने पुसायचं आणि पुन्हा सुरुवात. जमलं की वार्निश, कारण व्हिनेगरचा थर पाण्याने निघून जातो. काही रंगारी तर ओल्या वार्निशखाली पेटती मेणबत्ती फिरवायचे. काजळीचे ढग वर चिकटून बसायचे.

काही वर्षांत या नकलेतून भलतंच निघालं. न्यू इंग्लंडमधल्या 1820-30च्या पेट्या बघितल्या तर पिवळ्याधमक जमिनीवर काळी-तपकिरी वावटळ दिसते. जगातल्या कुठल्याच झाडाचं लाकूड तसं नसतं आणि ती पेटी बघून कुणी महोगनी समजेल अशी रंगाऱ्याचीही अपेक्षा नसावी. नक्कल म्हणून सुरू झालेलं काम स्वतःच्या मजेसाठी धावायला लागलं. या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त आवडतो तो हा टप्पा.

महागड्या वस्तूचं आपल्या ऐपतीतलं रूप घडवायचं ही वृत्ती फक्त रंगात नव्हती. भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून जाणाऱ्या चितारलेल्या सुती पलंगपोसांना अमेरिकी घरांत फार मान होता. एवढं महाग कापड पुरवून वापरायचं, म्हणून बायका त्यातली फुलं-पक्षी कातरून साध्या पांढऱ्या गोधडीवर टाके घालून बसवायच्या. एका कापडाची नक्षी मोठ्या गोधडीभर पसरायची.

धंद्याचा हिशोब सर्वांत स्पष्ट दिसतो तो कनेक्टिकटमधल्या लँबर्ट हिचकॉक यांच्या खुर्च्यांत. 1818मध्ये त्यांनी खुर्च्यांचे सुटे भाग करून विकायला सुरुवात केली. काही वर्षांतच नदीकाठी विटांचा कारखाना उभा राहिला, शंभरावर माणसं कामाला लागली आणि गावालाच हिचकॉक्सव्हिल म्हणू लागले. खुर्ची सुमारे दीड डॉलरला मिळायची. चौकट काळी, पाठीवर सोनेरी फळांची परडी आणि बैठकीच्या मागच्या कडेला कारखान्याचं नाव-गाव, हमीच्या शब्दासकट. ती सोनेरी परडी बहुतेक वेळा कारखान्यातल्या बायका आणि मुलं काढायची.

ती कशी काढायची ते नीट बघण्यासारखं आहे. आधी लाल हात, त्यावर काळा, पण काळा पूर्ण बसवायचा नाही. मधून लाल डोकावला की रोजवूड या महाग लाकडाचा भास होतो. मग वार्निश. वार्निश अर्धवट वाळेपर्यंत थांबायचं, बोट लावलं तर चिकटेल पण बोटाला लागणार नाही इतपत. ही वेळ साधणं हेच खरं कसब. लवकर हात लावला तर पूड चिखलासारखी माखते, उशीर झाला तर धरतच नाही. वेळ साधली की कागदाचा कातरलेला साचा त्यावर बसवायचा, बोटाला मखमलीचा तुकडा गुंडाळायचा, तो ब्राँझच्या पुडीत टेकवायचा आणि साच्याच्या कडेकडून घासत आत यायचं. कडेला पूड दाट, मध्यावर विरळ होत काळ्यात विरून जाते. एवढ्यानेच सपाट पीच गोल दिसायला लागतं. पानाचा साचा वेगळा, द्राक्षाच्या मण्याचा वेगळा. एकच मणी पुन्हा पुन्हा टेकवून घड करायचा, पुढचे मणी उजळ आणि मागचे अंधुक.

पुढे मागणी वाढली आणि किमती पडल्या, तेव्हा सुटे साचे जाऊन अख्खी परडी एकाच साच्यात कापली जाऊ लागली. एकदा घासलं की काम झालं. पण फळं पुन्हा सपाट झाली. दोन काळांतल्या खुर्च्या शेजारी ठेवल्या तर हा फरक कुणालाही दिसेल. म्हणजे हिशोबाने या कलेला घडवलं तसंच एका टप्प्यानंतर पिळूनही काढलं. खुद्द हिचकॉक यांचं दिवाळं 1829मध्येच निघालं होतं. कारखाना त्यानंतरही चालू राहिला, पण कर्जाचं ओझं घेऊन.

साच्यांचं राज्य भिंतींवरही होतं. छापील वॉलपेपर परदेशातून यायचा आणि महाग पडायचा. म्हणून फिरते रंगारी साच्यांची पेटी आणि रंगांच्या पुड्या घेऊन गावोगाव जायचे. न्यू हॅम्पशायरच्या मोझेस ईटन या बापलेकांचं नाव यात आवर्जून घेतलं जातं. त्यांची साच्यांची पेटी ब्रशांसकट आजही जपलेली आहे. अननस, विलो, वेलबुट्टीची किनार असे ठरलेले नमुने. अननस आणि फुलांच्या करंड्या आजही ईशान्येकडच्या मेन राज्यापासून न्यूयॉर्कपर्यंतच्या जुन्या घरांत वॉलपेपरच्या थरांखाली सापडतात.

भिंतींच्या बाबतीत रूफस पोर्टर हा माणूस मात्र वेगळाच. 1792मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म, मेनमध्ये वाढला, 1884मध्ये मृत्यू. मधल्या काळात त्यांनी काय केलं नाही ते विचारा. व्यक्तिचित्रं काढली, शाळा शिकवली, यंत्रं शोधली आणि 1845च्या ऑगस्टमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे साप्ताहिक सुरू केलं. हो, आज जगभर वाचलं जाणारं तेच. वर्षभराच्या आत त्यांनी ते विकून टाकलं. सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेल्यांना हवेतून नेणाऱ्या जहाजाची योजनाही त्यांनी मांडली होती.

याच माणसाने 1820च्या दशकाच्या मध्यापासून वीसेक वर्षं न्यू इंग्लंडमधल्या घरांच्या भिंतींवर निसर्गदृश्यं रंगवली. श्रीमंत लोक त्या काळी फ्रान्समध्ये ठोकळ्यांनी छापलेला निसर्गदृश्यांचा वॉलपेपर मागवायचे. व्हाईट हाऊसमधल्या एका स्वागतकक्षात 1961पासून लावलेला, झुबेर कंपनीचा 1834चा वॉलपेपर त्याच जातीचा. मेनमधल्या खानावळवाल्याला किंवा सधन शेतकऱ्याला तो कुठून परवडणार? पोर्टर त्याच्या बैठकीच्या चारी भिंती काही तासांत, थोड्या डॉलरांत उरकून द्यायचे.

त्यासाठी त्यांनी चित्राची सोपी व्यवस्था बसवली आणि 1825च्या एका पुस्तिकेत छापून सगळ्यांना खुली केली. वाळलेल्या गिलाव्यावर सरस घातलेले पाण्याचे रंग. वर आकाश, लांब निळसर डोंगर, मध्ये पाणी, पाण्यात शिडांच्या होड्या आणि छोटी बेटं, पुढे गर्द मोठी झाडं. घरं आणि होड्या साच्याने. झाडाचं खोड हाताने एका फटकाऱ्यात, पानोरा ब्रशच्या टोकाने थोपटून. दूरच्या वस्तू फिक्या आणि निळसर, जवळच्या गडद. एवढे नियम पाळले की कुणालाही जमेल असं त्यांचं म्हणणं. आणि विषय? उंचवट्यावर वसलेल्या अमेरिकी शेतवाडीइतकं प्रसन्न दृश्य जगात दुसरं नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्या काळातल्या चित्रकलेच्या प्रतिष्ठित मंडळींना हे बोलणं गावंढळ वाटलं असणार. मला ते फार धीट वाटतं. घराच्या आतल्या भिंतीवर घराबाहेरचंच शेत काढायला आत्मविश्वास लागतो.

पत्र्याच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. 1740च्या सुमारास आयर्लंडहून आलेल्या पॅटिसन भावंडांनी कनेक्टिकटमधल्या बर्लिन गावात कल्हईच्या पत्र्याची भांडी घडवायला सुरुवात केली. पुढे काळ्या वार्निशचा हात देऊन भट्टीत भाजलेल्या कॉफीच्या किटल्या, तबकं, डबे फेरीवाल्यांच्या गाड्यांतून दूरवर जाऊ लागले. त्यांवरची लाल-पिवळी फुलं बऱ्याचदा बायकांच्या हातची. न्यूयॉर्क राज्यातल्या एका पत्रेकाराची मुलगी अॅन बटलर हिने आपल्या कामावर नाव घातलं, म्हणून ती आपल्याला माहीत आहे. बाकी बहुतेक हात निनावीच राहिले. फुलाची पाकळी म्हणजे ब्रशचा एकच फटकारा, आधी दाबून मग उचलत नेलेला. दुरुस्ती नाही, गिरवणं नाही.

हिशोबाचा सर्वांत थेट पुरावा व्यक्तिचित्रांत मिळतो. पोर्टर यांच्या जाहिरातीत दर असे होते: कापलेली काळी छायाकृती, दोन प्रतींत, 20 सेंट, बाजूने रंगीत चेहरा 2 डॉलर, समोरून 3 डॉलर, हस्तिदंतावरची छोटी तसबीर 8 डॉलर. विल्यम मॅथ्यू प्रायर तर त्याही पुढे गेले. 1831मध्ये मेनमधल्या वर्तमानपत्रात त्यांनी जाहिरात दिली की छाया-प्रकाश नसलेलं सपाट चित्र हवं असेल तर ते पाव किमतीत मिळेल. ही एक जाहिरात वाचली की लोककलेबद्दलचे बरेच गैरसमज गळून पडतात. सपाट चेहरे म्हणजे चित्रकाराला येत नव्हतं, असं आपण धरून चालतो. प्रायर यांना चांगलं येत होतं. पूर्ण छटांची त्यांची चित्रं आहेत. सपाटपणा हा दरपत्रकातला एक पर्याय होता. याच प्रायर यांनी 1843मध्ये बॉस्टनच्या विल्यम आणि नॅन्सी लॉसन या कृष्णवर्णीय दांपत्याची चित्रं काढली, पूर्ण छटांसह आणि पूर्ण आदराने. गुलामगिरी अजून दोन दशकं टिकणार होती, त्या काळात.

अॅमी फिलिप्स (हा पुरुष, 1788 ते 1865) न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्सच्या सीमेवर जवळपास पन्नास वर्षं फिरत चित्रं काढत होते. गिऱ्हाइकांच्या आवडीप्रमाणे त्यांची शैली इतकी बदलली की अभ्यासक बराच काळ ती दोन वेगळ्या चित्रकारांची कामं समजत होते. लाल झग्यातली, मांडीवर पांढरं मांजर घेतलेल्या छोट्या मुलीचं त्यांचं चित्र प्रसिद्ध आहे. तसाच लाल झगा त्यांनी काढलेल्या आणखी काही मुलांच्या चित्रांत दिसतो. त्यावरून एक कहाणी पसरली की फिरते चित्रकार हिवाळ्यात बिनडोक्याची धडं रंगवून ठेवायचे आणि उन्हाळ्यात गिऱ्हाइकाचं डोकं बसवायचे. ऐकायला गमतीची, पण तिला पुरावा नाही. ठरलेला पोशाख पुन्हा पुन्हा वापरला की हात वेगाने चालतो आणि लक्ष चेहऱ्यावर देता येतं, एवढं साधं कारण पुरेसं आहे.

बाल्टिमोरचे जोशुआ जॉन्सन यांचं नावही इथे घ्यायलाच हवं. गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या जॉन्सन यांची 1782मध्ये मुक्तता झाली. 1798च्या जाहिरातीत त्यांनी स्वतःला स्वयंशिक्षित प्रतिभावंत म्हटलं आहे आणि असंख्य अडथळे पार करून आल्याचंही सांगितलं आहे. अमेरिकेत व्यावसायिक चित्रकार म्हणून नोंद सापडणारे ते पहिले आफ्रिकी-अमेरिकी. त्यांच्या चित्रांत कुटुंबं लांबलचक कोचावर ओळीने बसतात आणि कोचाच्या कडेचे पितळी खिळे एकेक करून मोजून काढलेले असतात. तो कोच सुताराने जितक्या काळजीने मढवला असेल, तितक्याच काळजीने.

पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वसाहतींत चित्र थोडं वेगळं. तिथे धंद्याइतकाच धर्म आणि शाळा. शाळामास्तर आणि पाद्री बाप्तिस्म्याचे दाखले सुंदर वळणदार जर्मन अक्षरांत लिहायचे आणि भोवती ट्युलिप, हृदय, पोपट, जोडीने बसलेले गोल्डफिंच रंगवायचे. मास्तरांचा पगार तुटपुंजा, तेव्हा दाखल्याची दक्षिणा ही जोडकमाई. पुढे मजकूर छापखान्यात छापून घ्यायचा आणि नक्षी तेवढी हाताने, अशी सोय निघाली. तीच नक्षी लग्नाआधी मुलींना, आणि मुलांनाही, मिळणाऱ्या पेट्यांवर दिसते. कोठारांवरच्या मोठ्या रंगीत चांदण्या मात्र मुख्यतः 19व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. त्या चेटूक टाळण्यासाठी असतात ही गोष्ट 1924मधल्या एका पुस्तकानंतर पर्यटकांत पसरली. काढणारे शेतकरी सांगायचे की छान दिसतं म्हणून काढतो. मी शेतकऱ्यांवर विश्वास ठेवतो.

त्याच राज्यातल्या बक्स काऊंटीत एडवर्ड हिक्स हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते. तेराव्या वर्षी बग्ग्या बनवणाऱ्यांकडे उमेदवारी केली आणि पुढे बग्ग्या, दुकानांच्या पाट्या, घरातलं सामान रंगवून पोट भरलं. क्वेकर साधेपणाचे कट्टर, त्यामुळे नक्षीकामाची कमाई त्यांच्या मनाला टोचायची. रंग सोडून शेती करून बघितली, ती बुडाली, पुन्हा ब्रश हातात आला. मग त्यांनी एकच विषय आयुष्यभर धरला: बायबलमधल्या यशयाच्या भविष्यवाणीतला लांडगा आणि कोकरू, चित्ता आणि करडू, सिंह आणि बैल, सगळे एकत्र. याच्या साठावर आवृत्त्या आज माहीत आहेत. 1827मध्ये क्वेकर समाजात फूट पडली आणि त्यांना ती फार लागली. नंतरच्या चित्रांतले सिंह थकलेले, डोळे विस्फारलेले दिसतात. पाट्या रंगवणाऱ्या हाताची ठसठशीत बाह्यरेषा मात्र शेवटपर्यंत तीच.

हा धंदा बुडायला फार वेळ लागला नाही. 1839मध्ये डगेरोटाईप, म्हणजे पहिली व्यवहार्य छायाचित्रं आली आणि दशकभरात चेहरा रंगवून घेण्याचं कारणच उरलं नाही. यंत्राने छापलेला वॉलपेपर स्वस्त झाला, भिंतीवरचे साचे पेटीत गेले. भिंतीला रंगीत छापील चित्रं टांगता येऊ लागली.

1920च्या दशकात मेनच्या किनाऱ्यावर उन्हाळा घालवणाऱ्या आधुनिक चित्रकारांना या वस्तू अडगळीत सापडल्या. सपाट रंग, ठाम रेषा. त्यांना त्यात आपलेच पूर्वज दिसले. 1932मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मोठं प्रदर्शन भरलं. त्यातल्या जवळजवळ सगळ्या वस्तू अॅबी ऑल्ड्रिच रॉकफेलर यांच्या संग्रहातल्या होत्या आणि त्यांच्या नावाचं लोककला संग्रहालय 1957मध्ये विल्यम्सबर्गला उभं राहिलं. मंदीच्या काळात सरकारने बेकार चित्रकारांना पगार देऊन अशा वस्तूंची सुमारे 18,000 जलरंगचित्रं करून घेतली. ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. या सगळ्यांचे उपकार मोठे. पण ‘आदिम’, ‘निरागस’ ही विशेषणंही याच काळात चिकटली आणि दरपत्रक मागे पडलं.

त्याच सुमारास दुसरीकडे प्रचंड नुकसान झालं. जुनं म्हणजे उघडं लाकूड, अशी फॅशन आली. हजारो पेट्या, कपाटं, खुर्च्या रसायनात बुडवून, खरवडून ‘मूळ’ पाईनपर्यंत आणल्या गेल्या. ते पाईन मुळात कुणाला दिसावं अशी कुणाचीच इच्छा नव्हती. आज लिलावात नेमकं उलटं आहे: मूळ रंग टिकलेल्या वस्तूची किंमत खरवडलेल्या वस्तूच्या कितीतरी पट. त्यामुळे आता खोटा जुना रंग चढवणारेही आहेत. खरा रंग ओळखायची एक साधी खूण आहे. खुर्चीची पुढची खालची आडवी दांडी बघायची, जिथे बसणाऱ्यांच्या टाचा दोनशे वर्षं टेकत आल्या. तिथलं लाकूड झिजलेलं आणि रंग उडालेला असायला हवा. झीज आहे आणि त्या झिजेच्या खळग्यातही रंग शाबूत आहे, तर तो रंग नंतरचा.